फॅलँक्सला जास्त फासे द्यायचे, की आधी चालीचे नियम बदलायचे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही मित्रमंडळी मिनिएचरवर प्राचीन काळातल्या लढाया खेळता आणि नियम तुम्हीच बसवले आहेत. तुकडी आठ इंच रुंद, एका पाळीत सहा इंच चाल, वळायला वेगळा खर्च नाही. हातघाई सुरू झाली की पुढच्या रांगेत जेवढे सैनिक तेवढे फासे टाकायचे आणि मार खाणाऱ्याने सैनिक उचलून बाजूला ठेवायचे. मॅसिडोनियन फॅलँक्स, म्हणजे लांब भालेवाल्यांची दाट रांगांची फौज, घेणारा जवळजवळ दर डावात हरतो, कारण रोमन खेळाडू एखादी तुकडी रांगेतून काढतो, वळसा घालून फॅलँक्सच्या बगलेत घालतो आणि खेळ संपतो. फॅलँक्सवाल्याचं म्हणणं, लांब भाल्यांना समोरून जास्त फासे मिळाले पाहिजेत. रोमनवाल्याचं म्हणणं, रोमनांनी मॅसिडोनियाला हरवलं त्या पिडनाच्या लढाईत हेच घडलं होतं, मग नियम बरोबरच आहेत. तुम्ही विचारता, कोणाचं ऐकायचं?

माझ्या मते दोघंही हातघाईच्या तक्त्यावरून भांडताहेत आणि दुखणं आहे चालीच्या नियमात. फॅलँक्सला उद्या दुप्पट फासे दिलेत तरी रोमन खेळाडू समोर जाणारच नाही, आणखी लवकर वळसा घालेल. प्राचीन काळातल्या लढाईत दोन रांगा एकदा भिडल्या की निकाल बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर ठरे: अजून मोकळेपणाने हलता येईल अशी फौज कोणाकडे उरली आहे? त्यामुळे चालीचा नियम आणि हातघाईचा नियम हे वेगवेगळे करून तपासता येत नाहीत.

हे सगळं तुम्ही सेनापती म्हणून खेळता असं धरून लिहितोय, म्हणजे एक तुकडी म्हणजे काही शे माणसं. एक मूर्ती म्हणजे एक माणूस असा छोट्या टोळीचा खेळ असेल तर पुढचं बरंचसं लागू होणार नाही. तिथे माणूस खरंच गर्रकन वळतो. टेबल किती मोठं आणि हाताशी वेळ किती, यावरही आकडे बदलतील. मी स्वतः १५ मिमी उंच मूर्तींच्या सैन्यांवर खेळतो आणि बऱ्याचदा पंच म्हणून बसतो. दोन खेळाडू नियमावरून अडले की ते कुठे अडतात हे त्यामुळे जवळून दिसतं. हातघाईच्या आकड्यांवरून क्वचितच अडतात. ‘ही तुकडी तिथपर्यंत पोचतेच कशी?’ यावरून अडतात.

चालीचा सहा इंच हा आकडा बघून बहुतेक जण समजतात की तो सैनिकांचा वेग आहे. तो वेग नाही. युद्धशास्त्रावर लिहिणाऱ्या व्हेजिशियस या रोमन लेखकाने रोमन सैन्याची लष्करी चाल दिली आहे ती उन्हाळ्यातल्या पाच तासांत वीस रोमन मैल. म्हणजे मिनिटाला साधारण ऐंशी मीटर, आपल्या नेहमीच्या झपाझप चालीएवढीच. या हिशेबाने रणांगणाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत माणूस काही मिनिटांत पोचतो. तरीही फौजा तासन्‌तास एकमेकींसमोर उभ्या राहत. पाय हळू होते म्हणून नव्हे, हजारो माणसांची रांग चालताना सरळ राहत नाही म्हणून.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण इ.स.पू. ४१८ मधल्या मँटिनियाच्या लढाईचं. ग्रीक इतिहासकार थुसिडिडीजने तिथे लिहून ठेवलंय की प्रत्येक फौज पुढे जाताना आपोआप उजवीकडे सरकते, कारण प्रत्येक माणूस आपली उघडी बाजू शेजाऱ्याच्या ढालीआड लपवायला बघतो. स्पार्टाचा राजा एजिस याच्या लक्षात आलं की आपली डावी बाजू वेढली जाणार. ऐन चाल करून जाताना त्याने डाव्या टोकाच्या तुकड्यांना आणखी डावीकडे सरकायला सांगितलं आणि मध्ये पडणारं खिंडार भरायला उजवीकडच्या दोन तुकड्या मागवल्या. त्या तुकड्यांचे अधिकारी हिप्पोनोइडस आणि अ‍ॅरिस्टोक्लीज हललेच नाहीत. हुकूमच इतका उशिरा आला होता. मधलं खिंडार तसंच राहिलं, शत्रू त्यात शिरला आणि डावी बाजू मोडली. स्पार्टाने मधल्या भागात आणि उजवीकडे लढाई जिंकली, पुढे त्या दोघांना भेकडपणाचा ठपका ठेवून हद्दपार केलं. आता बघा, ग्रीसमधली सगळ्यात शिस्तीची फौज, खुद्द राजाचा हुकूम आणि अंतर किरकोळ, तरी शत्रूसमोर आडवं सरकणं जमलं नाही. तुमच्या टेबलावर हीच गोष्ट कोणतीही तुकडी दर पाळीला फुकट करते.

म्हणून पहिली दुरुस्ती वळणाची. तुकडी वळवताना आतला कोपरा जागेवर ठेवा आणि बाहेरचा कोपरा जेवढं अंतर कापेल तेवढी चाल खर्ची घाला. तुमची आठ इंचांची तुकडी काटकोनात वळली तर तिचा बाहेरचा कोपरा साडेबारा इंचांहून थोडं जास्त चालतो. सहा इंचांच्या चालीत याला दोन पाळ्या पूर्ण आणि तिसरीतला थोडा भाग लागेल. वळसा घालून बगलेवर यायचं तर असं वळण किमान दोनदा घ्यावं लागतं. एवढ्या वेळात समोरच्याला काहीतरी करता येतं. मला हवं आहे ते हेच. बगलेवर जायला बंदी नको, पण ते समोरच्याला दिसलं पाहिजे आणि त्याला उत्तर द्यायला वेळ मिळाला पाहिजे.

इथे कोणीतरी कॅनीच्या लढाईचा मुद्दा काढेल. इ.स.पू. २१६ मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्या आफ्रिकी पायदळाने दोन्ही बाजूंनी आत तोंड वळवून रोमनांना चिमट्यात धरलं, मग वळणं इतकं अवघड कसं? त्याचं उत्तर ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या वर्णनातच आहे. ते पायदळ तोपर्यंत कुणाशी भिडलेलं नव्हतं. रोमन त्यांच्या मधून पुढे घुसले होते. शिवाय आफ्रिकी सैनिक रांगेने गोल फिरले नाहीत, प्रत्येक माणूस जागच्या जागी वळला. म्हणून नियमात या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. सगळ्यांनी जागेवर काटकोनात तोंड फिरवायचं असेल तर अर्धी चाल खर्च आणि त्या पाळीत पुढे धाव नाही. शत्रूच्या अगदी पुढ्यात असताना मात्र दोन्ही बंद.

‘अगदी पुढ्यात’ म्हणजे किती, ते ठरवणं ही दुसरी दुरुस्ती, आणि तुमच्या खेळात तिचा फरक सगळ्यात जास्त जाणवेल. फिल बार्कर यांच्या डी बेलिस अँटिक्विटाटिस या १९९० मध्ये आलेल्या नियमांत, म्हणजे सगळे ज्याला डीबीए म्हणतात त्यात, यावर नेमकी तोड आहे. प्रत्येक तुकडीच्या समोर तिच्या रुंदीएवढा चौकोन हा तिचा थ्रेट झोन, म्हणजे धोक्याचा पट्टा. त्यात शिरलेल्या शत्रूला तीनच गोष्टी करता येतात: तिच्यासमोर नीट तोंड करून उभं राहणं, भिडणं, किंवा सरळ मागे जाणं. समोरून आडवं पळत जाऊन पलीकडच्याची बगल धरणं बंद. तुमची तुकडी लांबट आहे, त्यामुळे आठ इंचांचा चौकोन टेबलाला झेपणार नाही. चार इंचांची पट्टी पुरे.

तिसरी दुरुस्ती हुकमाची. डीबीएमध्ये बारा तुकड्यांचं सैन्य असतं आणि दर पाळीला एक फासा टाकून जितके येतील तितकेच हुकूम देता येतात; खेळणारे त्याला पिप म्हणतात. सरळ रांगेत जोडून उभ्या तुकड्या एका हुकमात एकत्र पुढे जातात, पण त्यातली एक वेगळी काढलीत तर तिला स्वतःचा हुकूम लागतो. रोमन खेळाडूने तीन तुकड्या सुट्या करून तीन दिशांना पाठवल्या तर त्यांचे तीन आणि उरलेल्या रांगेचा एक, असे चार झाले. फाशावर चार किंवा जास्त येण्याची शक्यता निम्मीच. उरलेल्या वेळी रांग तरी थांबेल, नाहीतर वळसा तरी अडेल. कशाचा मोह सोडायचा, हे त्याला ठरवावं लागेल. मला या नियमाबद्दल खरा जिव्हाळा आहे, कारण एजिसच्या जागी बसवणारा इतका सोपा दुसरा नियम मी पाहिलेला नाही.

आता हातघाईकडे येतो. तुमचा फॅलँक्सवाला मित्र समोरच्या लढतीबद्दल बरोबर बोलतोय. पॉलिबियसने अठराव्या पुस्तकात फॅलँक्स आणि लीजन, म्हणजे रोमन फौज, यांचा हिशेब मांडला आहे. सारिसा, म्हणजे फॅलँक्सचा भाला, चौदा हात लांब, म्हणजे एकवीस फूट. पहिल्या पाच रांगांची टोकं आघाडीच्या पुढे येतात. फॅलँक्समधला माणूस तीन फूट जागा घेतो, रोमन सैनिकाला तलवार चालवायला मोकळीक लागते म्हणून त्याच्या वाट्याला दुप्पट जागा येते. मग एका रोमन सैनिकासमोर दोन माणसं आणि दहा टोकं येतात. दोघांच्या तुकड्या सारख्याच रुंदीच्या आणि पुढच्या रांगेत सैनिकही सारखेच, म्हणून फासेही सारखेच, असा तुमचा नियम आहे. त्यात हा फरक कुठेच दिसत नाही.

पण उपाय जास्त फासे हा नव्हे. मूठभर फासे टाकले की सरासरी लागते आणि दर पाळीला दोन्हीकडचे थोडे थोडे सैनिक उचलले जातात. याने लढाई म्हणजे हळूहळू झिजण्याचा प्रकार होतो. प्रत्यक्षात समोरासमोरच्या झुंजीत माणसं फार मरत नसत. कत्तल व्हायची ती एक बाजू मोडून पळाल्यावर. इ.स.पू. १९७ मध्ये किनोसेफालीच्या लढाईत मॅसिडोनियाचे सुमारे आठ हजार मेले, रोमनांचे सातशेच्या आसपास. समोरच्या झिजेतून एवढी तफावत निघत नाही. फ्रेंच अधिकारी आर्दाँ द्यु पिक यांनी १९व्या शतकात हाच विचार मांडला आणि प्राचीन लढायांवरच्या आजच्या बऱ्याच लिखाणाच्या मुळाशी तो आहे.

म्हणून मी एकास एक फासा आणि अधिक ठरलेला आकडा, हीच पद्धत पसंत करतो. डीबीएच्या दुसऱ्या आवृत्तीतले आकडे घेऊन दाखवतो. पायदळाविरुद्ध भालेकऱ्याला, म्हणजे फॅलँक्सच्या तुकडीला, ३, मागे दुसरी भालेकरी तुकडी असेल तर आणखी ३, असे ६. रोमन तलवारकऱ्याला ५. दोघं एकेक फासा टाकून त्यात मिळवतात. ज्याची बेरीज कमी तो मागे हटतो. बेरीज समोरच्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी असेल तर तुकडी नष्ट. ६ विरुद्ध ५ असताना छत्तीस शक्यतांपैकी एकवीसमध्ये फॅलँक्स जिंकतो, पाचमध्ये बरोबरी, दहामध्ये हरतो. महत्त्वाचं म्हणजे समोरून तो नष्ट होऊच शकत नाही. रोमनाने सहा टाकला आणि फॅलँक्सने एक, तरी ११ विरुद्ध ७.

आता रोमन तुकडी बगलेला चिकटलेली आहे असं धरा. फॅलँक्सचा एक आकडा कमी होतो, ५ विरुद्ध ५. ऐकायला ही शिक्षा क्षुल्लक वाटते. पण बगलेत शत्रूची आघाडी टेकलेली असताना मागे हटायची पाळी आली, तर तुकडी हटत नाही, नष्ट होते. हरण्याच्या शक्यता आता छत्तीसपैकी पंधरा, आणि त्या सगळ्या विनाशाच्या. जिथे नाश अशक्य होता तिथे तो दर पाळीला चाळीस टक्क्यांच्या वर गेला. हे घडवलं ते वजा एकने नव्हे. मागे सरकायची वाट बंद झाली म्हणून घडलं. हातघाईच्या तक्त्यात बगलेसाठी वजा तीन, वजा चार असे आकडे घालत बसण्यापेक्षा हा नियम मला कितीतरी खरा वाटतो. आणि तो चालतो चालीच्या नियमावर, कारण बगलेला टेकणं मुळात अवघड ठेवलेलं असतं.

मग रोमनांनी समोरून करायचं काय? तुमचा रोमनवाला हे विचारेलच, आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. इ.स.पू. १६८ मध्ये पिडनाला रोमन वळसा घालून जिंकले नाहीत. फॅलँक्स आधी त्यांना रेटत मागे नेत होता; भाल्यांची ती भिंत पाहून आपण हादरलो, असं रोमन सेनापती एमिलियस पॉलस पुढे सांगत असे. मग उंचसखल जमिनीवर रेटता रेटता फॅलँक्सची रांग ठिकठिकाणी फाटली, आणि पॉलसने आपले लोक लहान लहान गटांत त्या फटींमध्ये घातले. सगळी लढाई तासाभरात आटोपली. फॅलँक्सचा घात त्याच्याच पुढे जाण्याने केला.

याला मी आमच्या टेबलावर असा नियम लावतो: भालेकरी जिंकले तर त्यांनी हटणाऱ्याच्या मागे गेलंच पाहिजे, खेळाडूला थांबवायची मुभा नाही. एक तुकडी पुढे गेली की तिच्या शेजारच्या मागे राहतात, तिचे दोन्ही खांदे उघडे पडतात आणि दोन्हीकडचा एकेक आकडा जातो. आता ६चे ४ झाले. ४ विरुद्ध ५ मध्ये फॅलँक्स दहा शक्यतांत जिंकतो आणि एकवीसमध्ये हरतो, म्हणजे मघाचा हिशेब बरोब्बर उलटला. छत्तीसपैकी दोन शक्यतांमध्ये तर तो समोरूनही नष्ट होतो. झाडी, ओढा, दगडधोंडे असतील तिथे मागच्या तुकडीचा आधार धरू नका, म्हणजे जमीन निवडण्यावरून खरी चुरस लागते. रांग एकसंध ठेवत पुढे कसं जायचं, याची काळजी फॅलँक्सवाल्याला पहिल्या पाळीपासून करावी लागते. रोमनवालाही मार खात मागे सरकायला तयार होतो, कारण त्याला त्यातून फट मिळणार असते.

थोडक्यात क्रम असा ठेवा: आधी वळणाचं मोजमाप, मग पुढ्यातली पट्टी, मग हुकमाचा फासा. एवढं करून काही डाव खेळा. हातघाईला त्यानंतर हात लावा, नाहीतर कोणत्या बदलाने काय झालं हे कळणार नाही. हत्ती आणि घोडदळ तूर्त बाजूला ठेवा. घोडदळासाठी एवढंच आत्ता ठरवून टाका की ज्या पाळीत तुकडी तोंड फिरवेल त्या पाळीत ती कमी आकड्याने लढेल. झेलमच्या काठी पोरसच्या घोडदळावर पुढून अलेक्झांडर आणि मागून त्याचा सेनानी कोइनस आला. दोन्हीकडे तोंड करायला ते मोडून उभं राहू लागलं, नेमक्या त्याच क्षणी अलेक्झांडरने हल्ला केला, असं इतिहासकार एरियन सांगतो.

रोमन सैनिकांच्या तीन ओळी एकमेकींच्या जागा कशा घेत, याचा वेगळा नियम करायचा मोह होईल. करू नका. ते एका तुकडीच्या आतलं काम आहे, शतकपतीचं. सेनापतीने त्यात लक्ष घालायचं नाही. ते तलवारकऱ्यांच्या ५ या आकड्यात धरलेलं आहे.

आणि रोमनवाल्याला वळसा हवाच असेल तर किनोसेफाली मांडा. मॅसिडोनियाचा राजा फिलिप पाचवा याचा उजवा भाग टेकडीवरून खाली रोमनांना रेटत येतोय, त्याचा डावा भाग अजून मांडलेलाच नाही. रोमन सेनापती फ्लॅमिनिनस आपल्या उजवीकडून हत्तींसह त्या विस्कळीत भागावर जातो आणि तो पळतो. आता रोमन उजव्या बाजूसमोर कोणी उरलेलं नाही, आणि तिथला एक ट्रिब्यून (लीजनमधला अधिकारी), पॉलिबियसने त्याचं नाव दिलेलं नाही, वीस मॅनिपल (लीजनमधल्या छोट्या तुकड्या) घेऊन मागे वळतो आणि फिलिपच्या जिंकत असलेल्या फॅलँक्सच्या पिछाडीवर पडतो. वर सांगितलेल्या तीनही दुरुस्त्या लावून हे करता येतं: त्या मॅनिपलांसमोर कोणाचीही पट्टी नाही, वळायला जागा आहे, रोमनांच्या हातात हुकूम शिल्लक हवेत एवढंच. तुमच्या मित्राला वळसा मिळेल, पण आधी समोरचा शत्रू हरवून.

हे तपासायला रंगवलेले सैनिक बाहेर काढायची गरज नाही. जाड पुठ्ठ्याचे ४० मिमी रुंद तुकडे कापा, भालेकऱ्यांवर भ आणि रोमनांवर र लिहा. ४० मिमीला दर पाळीची चाल ५० मिमी धरा आणि पट्टी ४० मिमीची. सपाट जमिनीवर भालेकऱ्यांच्या मागेपुढे अशा चार जोड्या आणि समोर चार रोमन, बगला दोन्हीकडून टेबलाच्या कडेने झाकलेल्या, असं मांडून नुसती हातघाई खेळा. मग तेच मधोमध एक ओढा टाकून खेळा. बाजू अदलून दोन्ही मित्रांना दोन्ही सैन्यं खेळू द्या. सपाटीवर रोमन बहुतेक वेळा मागे जात असतील आणि ओढ्यापाशी फॅलँक्स फाटत असेल, तर आकडे ठीक बसले आहेत. तसं झालं नाही तर कोणत्या पाळीत काय झालं ते इथे लिहा, त्यावरून कुठला आकडा हलवायचा ते सांगता येईल.